फुसका बार

चेखॉव्हची ती भिंतीवरची बंदूक मी वर्गात निदान पंचवीस वर्षे शिकवली. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दिसली तर पुढे कधीतरी ती उडालीच पाहिजे, हा नियम विद्यार्थ्यांना चटकन पटतो, आणि उत्तरपत्रिकेत तो हमखास येतो. मला स्वतःला मात्र तो सांगताना दरवेळी थोडे अडखळायला होई. आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर खरोखरच एक बंदूक टांगलेली होती, आणि त्या बंदुकीच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे ती एका रात्री उडाली नाही. हे वर्गात सांगण्यासारखे नव्हते. वर्गातच काय, घरीही मी ते कोणाला सांगितले नव्हते.

बंदूक ठासणीची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यांत अजूनही ज्या थोड्या परवान्याच्या बंदुका आहेत त्यांत या जातीच्या बऱ्याच. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. हिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळे लोखंडी गजाने ठासून बसवायचे. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची टिकलीएवढी टोपी चढवायची. आमच्याकडे तिला 'केप' म्हणत. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, केपेतला स्फोटक मसाला ठिणगी टाकतो, ती खुंटीच्या पोकळीतून दारूपर्यंत पोहोचते आणि बार होतो. एका बारानंतर दुसरा बार भरायला सरावलेल्या माणसालाही मिनिटभर लागते. अंधारात, पावसात आणि समोर डुक्कर असताना किती लागेल ते सांगता येत नाही. म्हणजे व्यवहारात रात्रीला एकच बार.

मराठीने या यंत्राकडून किती घेतले आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्याने एकदा पाहावे. आपण मुद्दा ठासून सांगतो, पोते ठासून भरतो. आपले बार फुसके निघतात. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्याला लागले, 'बंदूक' अरबी-फारसीतून आली. 'दारू' तर फारसीत औषध. आपल्याकडे येऊन ती एकीकडे बाटलीत गेली आणि दुसरीकडे नळीत. आजोबांना हे व्युत्पत्तिशास्त्र ठाऊक नव्हते, पण दारूचा डबा ते ज्या निगुतीने हाताळत तो थाट वैद्याचाच होता. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा, आणि बंदुकीची काळी दारू हवेतली ओल धरते. म्हणून ती काचेच्या बाटलीत भरून, बुचावर मेण ओतून, भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवलेली असे. चुलीपासून ती शक्य तितकी दूर, आणि आम्हा मुलांपासून त्याहूनही दूर.

टंचाई हा त्या बंदुकीचा स्थायीभाव होता. दारू, छर्रे आणि केपा आणायला परवाना घेऊन परवानाधारक दुकानदाराकडे जावे लागे. तेही जवळ नव्हते, एस.टी.ने घाट चढून कोल्हापूर गाठायचे, आणि तिथे 'माल नाही' हे ऐकून परत यायचे. छऱ्यांवर आजोबांनी तोड काढली होती. फाटक्या पागाच्या कडेला शिशाच्या गुंड्या असतात, त्या ते भंडाऱ्यांकडून भाताच्या बदल्यात घेत आणि कोयत्याने तुकडे पाडत. बोळ्यांसाठी नारळाच्या सोडणाला काय तोटा! दारूही जपून वापरली तर दोन हंगाम पुरे. अडे ते केपेपाशी. केप घरी होत नाही. ती कारखान्यातून यावी लागते आणि तिच्यावाचून बाकी सगळा सरंजाम म्हणजे लोखंडाची काठी. आजोबांच्या पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीशेजारी एक लहानशी पत्र्याची डबी असे; तिच्यात केपा किती उरल्या आहेत हे त्यांना तोंडपाठ असे. एका वर्षी अकरा होत्या. त्या वर्षी ते अकरा वेळाच बंदूक घेऊन बाहेर पडले.

परवाना 'शेती संरक्षणा'चा होता. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अशी स्पष्ट तरतूद आहे की खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा. त्याआधीचा, लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा कायदा हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देत नव्हता आणि युरोपियनांना मात्र त्यातून वगळत होता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले ते याच पक्षपातामुळे. पण शेती संरक्षणाच्या परवान्यालाही आधी शेती लागते, हे मला फार उशिरा जाणवले. आमच्याकडे जमीन होती म्हणून बंदूक होती. दापोलीचा कॅम्प पेन्शनर शिपायांनी भरलेला होता. कंपनी सरकारच्या पलटणीत ज्यांच्या आज्यापणज्यांनी बंदुका चालवल्या त्या महार कुटुंबांना १८९० च्या दशकात सैन्यभरतीतूनच वगळण्यात आले, आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज करावे लागले. बंदूक चालवण्यात ज्यांचा हात बसलेला त्यांच्याकडे ती नाही, आणि आमच्या आजोबांकडे, ज्यांचा नेम यथातथाच होता, ती भिंतीवर. असो. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बंदुकीचा माझ्याशी पुन्हा संबंध आला तो अमेरिकेत. माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये तीस वर्षे आहे. तो संगणकात काम करतो, गणपती बसवतो, आणि शनिवारी रिव्हॉल्व्हरने कागदावर नेम धरतो. यातली शेवटची गोष्ट तो आत्याला बरीच वर्षे सांगत नव्हता. मी २०२२ साली त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला गॅरेजमधले त्याचे 'वर्कशॉप' दाखवले. टेबलाला घट्ट बसवलेला एक तरफेचा दाबयंत्रासारखा प्रकार, एक तराजू, आणि रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी भरलेल्या बरण्या. लोणच्याच्या बरण्या होत्या त्या. झाकणावरचे आंब्याचे चित्र तसेच होते. तो काडतुसे स्वतः भरतो. एकदा उडवलेली पुंगळी साफ करून, पुन्हा मापात आणून, तिच्या बुडाशी नवा 'प्रायमर' बसवून, दारू तोलून घालून वर शिशाची गोळी दाबायची. रिव्हॉल्व्हरवाल्यांना याचा विशेष नाद असतो. पिस्तूल रिकामी पुंगळी बाजूला भिरकावते, मग ती गवतात शोधत बसा. रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच्या सहा पुंगळ्या घरातच राहतात आणि बार संपल्यावर आपण त्या ओंजळीत घेतो. काटकसरी माणसाला हे शस्त्र आवडणारच.

त्याचा तराजू ग्रेनमध्ये मोजतो. एका पौंडाचे सात हजार ग्रेन. मी हिशेब केला तर आपली एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची भरते. सोनारासारखाच तो श्वास रोखून मोजत होता. पन्नास पुंगळ्या एका लाकडी फळीतल्या खळग्यांत उभ्या करून, दारू भरून झाल्यावर, गोळ्या बसवण्याआधी तो दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून पाहतो. एखादीत चुकून दुप्पट दारू पडली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटेल. एखादीत अजिबात पडली नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकेल आणि तिच्यामागून दुसरी झाडली की पुन्हा तेच. "पन्नासातल्या एकोणपन्नास बघून चालत नाही," तो म्हणाला.

मला आजोबांचा गज आठवला. त्या गजावर त्यांनी कानशीने एक खूण पाडली होती. बंदूक भरलेली असताना गज आत सोडला तर ती खूण नळीच्या तोंडाच्या वर राही, रिकामी असेल तर आत बुडे. विसरून बारावर बार भरला जाऊ नये म्हणून. भिंतीवरून काढल्यावर पहिले काम गज टाकून पाहणे. त्यांच्या हयातीत यात कधी खंड पडलेला मला आठवत नाही.

आतेभावाची टंचाई चालू होती ती प्रायमरची. म्हणजे पुन्हा केपच! २०२० साली महामारी, दंगली आणि निवडणूक अशी सगळी भीती एकदम आल्यामुळे अमेरिकेत लोकांनी बंदुका आणि काडतुसे इतकी विकत घेतली की दुकाने ओस पडली. त्याच वर्षी रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. कारखाने आपले प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांत वापरणार, घरी भरणाऱ्या हौशी लोकांच्या वाट्याला उरले तर. पूर्वी जो प्रायमर तीनचार सेंटला मिळे त्यासाठी तो आता दहा-बारा सेंट मोजायला तयार होता आणि तरी मिळत नव्हता. दारू होती, पितळ होते, शिसे तो गाड्यांच्या चाकांच्या जुन्या वजनांतून वितळवी. सगळे होते, फक्त टिकलीएवढी तांब्यापितळेची वस्तू नव्हती. त्याच्या कपाटात त्या वेळी बाराशे प्रायमर शिल्लक होते आणि त्याने स्वतःवर नियम घातला होता: आठवड्याला बारा बार. पूर्वी तो एका सकाळी दोनशे उडवीत असे. मी विचारले, कंटाळा येत नाही? तर म्हणाला की उलट आता मंगळवारपासूनच शनिवारचे बारा बार डोक्यात असतात.

त्याने मला .३८ चे रिव्हॉल्व्हर दिले. कानांवर गोबरे, डोळ्यांवर चष्मा. गोळ्या त्याने मुद्दाम सपाट तोंडाच्या आणि हलक्या बाराच्या भरल्या होत्या. त्या कागदाला पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडतात. त्याच्या बारांतले सहा त्याने मला दिले, ही केवढी उदारता होती हे मला तोवर कळलेले होते. पहिले तीन कागदावर कुठेतरी लागले. चौथ्याला चाप ओढला आणि नुसता 'टक्' असा आवाज आला.

अशा वेळी काय करायचे हे त्याने आधी सांगितले होते. रिव्हॉल्व्हर निशाणाकडेच धरून ठेवायचे आणि तीस आकडे मोजायचे, कारण प्रायमर कधी कधी उशिरा पेट घेतो. दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही. चक्र पुढे फिरले तर ते उशिराचे काडतूस नळीसमोर नसताना फुटेल. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही 'टक्' ऐकताक्षणी माझा हात आपोआप वर गेला आणि नळी आभाळाकडे झाली. आतेभाऊ माझ्यावर ओरडला. त्याने मनगट धरून माझा हात खाली आणला, तीस मोजले, काडतूस काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "अरे, असं कोणी शिकवलं तुला?"

आजोबांनी शिकवले होते. वर्ष १९७९, भाद्रपदाचा शेवट, भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरत होता. मी अकरा वर्षांचा. खाडीच्या बाजूच्या आमच्या मळ्यात डुकरे दोन रात्री येऊन गेली होती. ज्यांनी डुकरांनी लोळवलेले भात पाहिले आहे त्यांना मी काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगून कळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकराला मारण्याचे नियम बदलले होते, पण आमच्या गावात तेव्हा तो कायदा कोणी ऐकलेला नव्हता. आजोबा माळ्यावर बसले, मी हट्ट करून त्यांच्याशेजारी. डबीत त्या वर्षीच्या पाच केपा राहिलेल्या. जुन्या, हिरवट पडलेल्या.

पाऊस नव्हता, पण चंद्रही नव्हता. मध्यरात्र उलटल्यावर बांधाच्या पलीकडे काहीतरी काळे हलले. ठेंगणे, लांबट, जमिनीलगत. मधूनच थांबे, उकरल्यासारखा आवाज येई, पुन्हा पुढे सरके. आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून गप्प राहायला सांगितले. घोडा मागे ओढला. नेम धरला. बराच वेळ धरला. आणि चाप ओढला.

टक्.

ती काळी आकृती थांबली. मग ती सरळ उभी राहिली. उभी राहून तिने काडी ओढली, आणि विडीच्या उजेडात आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका तरुण माणसाचा चेहरा दिसला. तो कुर्ल्या पकडत होता. त्याची बॅटरी विझली होती म्हणून तो ओणवा होऊन हाताने बिळे चाचपत होता.

आजोबांनी बंदुकीचे तोंड आभाळाकडे केले. त्यांचे हात इतके थरथरत होते की नळी माळ्याच्या वाशावर खडखड वाजली. तेवढ्यात खालून आवाज आला, "कोन हाय माळ्यार?"

"मी आहे," आजोबा म्हणाले. "तू काय करतोस एवढ्या रात्री?"

"मीच हाय, आबा. कुर्ल्या बघत व्हतो. बॅटरी गेली."

"घरी जा," आजोबा म्हणाले. एवढेच. तो गेला. आम्ही उजाडेपर्यंत बसून राहिलो. पहाटे त्यांनी ती केप नखाने खुंटीवरून काढली, डबीत वेगळी ठेवली नाही, पंचाच्या कोपऱ्यात गाठ मारून घेतली. बार त्यांनी गजाच्या टोकाच्या स्क्रूने ओढून काढला, ओलसर दारू खाडीत टाकली, आणि नळीत आधणाचे पाणी ओतून, पुसून, खोबरेल लावून बंदूक भिंतीवर टांगली. मला त्यांनी 'कोणाला सांगू नकोस' असे म्हटले नाही. त्याची गरज नव्हती. त्यानंतर ते माळ्यावर कधी बसले नाहीत. डुकरे यायची ती आली, भात खाऊन गेली; घरच्यांना वाटले की आजोबांचे वय झाले.

हे मी आतेभावाला त्या दिवशी गाडीत सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्याकडे न उडालेल्या प्रायमरांचा हिशेब ठेवणारी एक वही आहे. हजारात एखाददुसरा निघाला तरी तो कारखान्याला नावे ठेवतो. न उडणे हा त्याच्या हौसेतला एकमेव गुन्हा. रात्री जेवताना तो एवढेच म्हणाला की ती केप कुठे आहे ते मला माहीत आहे का. मला माहीत होते. आजोबा १९९१ साली गेले; त्यांच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीखाली, कागदाच्या पुडीत ती होती. पुडीवर काही लिहिलेले नव्हते.

शिकारीच्या मराठी लेखनात 'बार चुकला' असे वाक्य पुष्कळदा येते, आणि चुकलेल्या बाराविषयीची हळहळही. व्यंकटेश माडगूळकरांना बंदूक आणि लेखणी दोन्ही अवगत होती. पुढे पुढे त्यांच्या लेखनातून बंदूक मागे पडली आणि नुसते पाहणे उरले, आणि 'सत्तांतर'मध्ये तर वानरांच्या टोळीकडे ते ज्या नजरेने पाहतात तिला मारणाऱ्याची नजर म्हणता येणार नाही. कोकणात आज वानरांचा आणि माकडांचा त्रास असलेला शेतकरी 'सत्तांतर' कसे वाचेल, हा मी एकदा परीक्षेत विचारलेला प्रश्न. उत्तरे चांगली आली नाहीत. दोष प्रश्नाचाच असावा.

बाबा २०२३ साली गेले. परवाना त्यांच्या नावावर आलेला होता. परवानाधारक वारला की बंदूक जमा करावी लागते, त्याप्रमाणे मी ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली आणि पावती घेतली. तशी ती दर निवडणुकीला ठाण्यात जाऊन यायचीच. या वेळी परतीचे ठरलेले नव्हते. आता मला लिहून द्यायचे होते: वारस म्हणून परवाना मागतो, परवाना असलेल्या कोणाला हस्तांतरित करतो, की सरकारजमा करतो. आतेभावाचा फोनवर आग्रह की ठेव. आज्याची वस्तू, काही झाले तरी. तिकडे त्याला प्रायमर थोडे थोडे मिळू लागले होते आणि तो खुशीत होता. माझा कल सरकारजमा करण्याकडे होता. अर्ज मी दोनदा लिहून फाडला.

तिसऱ्यांदा लिहायच्या आधी घरी पाहुणा आला. तोच. आता सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले. मुलगा महामारीत मुंबईहून परत आला तो आला, आता आमचाच मळा खंडाने करतो. डुकरांनी या वर्षीही निम्मे भात लोळवले. मुलाने शेती संरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. परवाना झाला तर आबांची बंदूक त्याला मिळेल का, हे विचारायला तो आला होता.

मी त्याला बसायला सांगितले. चहा आला. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार, आणि हो म्हणायचे तर ते न सांगता हो म्हणणे मला जमेना. शेवटी मी आत जाऊन पानाचा डबा आणला, पुडी सोडली आणि ती हिरवी पडलेली केप त्याच्यापुढे ठेवून सुरुवात केली. "दादा, तुम्हाला एकोणऐंशी सालची एक रात्र आठवते का, तुमची बॅटरी—"

"म्हायती हाय मला, मास्तर," तो म्हणाला. "टक् झालेलं आयकलं व्हतं मी."

त्याने केप बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात उलटीसुलटी करून पाहिली. घोड्याचा खड्डा तिच्या मधोमध पडलेला होता.

"मग तुम्ही विडी का पेटवलीत?" मी विचारले.

"त्येंना दिसाया नको का, कोन हाय त्ये?" तो म्हणाला, आणि केप परत पुडीत ठेवून बंदुकीच्या कागदांना अजून किती दिवस लागतील ते विचारू लागला.